वस्तू तर निघाली, मग अजून पाण्याचा थेंबही का नाही? अन्ननलिकेच्या जखमेबद्दल जरा सविस्तर

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांनाही कळावं म्हणून थोडक्यात परत लिहितो. वडील ७१ वर्षांचे, जेवताना तुटलेल्या कवळीचा तुकडा तारेच्या हुकासकट गिळला गेला, पहिल्या दिवशी एक्सरे काढला त्यात काही दिसलं नाही म्हणून घरी पाठवलं, दुसऱ्या दिवशी स्वतःची लाळही गिळता येईना आणि छातीत दुखायला लागलं, मग सीटी स्कॅन झाला, दुर्बिणीतून तुकडा काढला आणि आता सांगतायत की अन्ननलिकेला जखम आहे, बाहेरच्या बाजूला थोडी हवा दिसतेय. तोंडाने सगळं बंद, सलाईन आणि अँटिबायोटिक चालू. सर्जन म्हणतात ऑपरेशनची तयारी ठेवा, गॅस्ट्रोवाले म्हणतात थांबून बघू. तुम्ही विचारताय की वस्तू निघाली मग एवढं सगळं कशासाठी, आणि या दोघांपैकी ऐकायचं कुणाचं. शेवटी घरातल्या दोन वर्षांच्या मुलीने असं काही गिळलं तर काय, हेही विचारलंय, त्यावर खाली वेगळं लिहितो.

मी स्वतः गॅस्ट्रोएंटेरोलॉजिस्ट आहे, अडकलेल्या वस्तू दुर्बिणीने काढणं हे माझं नेहमीचं काम. पण तुमच्या वडिलांना मी तपासलेलं नाही, सीटी बघितलेला नाही, त्यामुळे ऑपरेशन करा किंवा करू नका असं इथून कुणीही सांगितलं तरी ऐकू नका, माझंही नाही. तिथले डॉक्टर काय काय बघून ठरवत असतील ते मात्र मी सांगू शकतो, म्हणजे उद्या राउंडला ते आले की तुम्हाला नेमकं विचारता येईल.

सगळ्यात आधी एक गोष्ट डोक्यात बसवा. वस्तू काढणं हा यातला बऱ्याचदा सोपा भाग असतो. वस्तू बाहेर आल्यावर मागे उरते ती जखम, आणि ती जखम किती खोल आहे आणि किती तास तशीच होती, या दोन गोष्टींवर पुढचं जवळजवळ सगळं ठरतं. तुमच्या वडिलांच्या केसमध्ये 'तुकडा निघाला' या वाक्यापेक्षा 'बाहेर हवा दिसतेय' हे वाक्य जास्त महत्त्वाचं आहे.

का, ते सांगतो. अन्ननलिका मोठ्या माणसात साधारण २५ सेंटीमीटर लांब, मानेतून छातीतून खाली जठरात जाते. जठराला आणि आतड्याला बाहेरून एक पातळ पण चिवट आवरण असतं, अन्ननलिकेला ते नाही. आतली त्वचा, मग थोडा मऊ थर, मग स्नायू, आणि त्याच्या बाहेर थेट छातीच्या मधली मोकळी जागा जिथे हृदय, महाधमनी, श्वासनलिका हे सगळं बसलेलं आहे. म्हणजे भोक आरपार पडलं तर आतली घाण अडवायला पुढे काही नाही. त्यात आपण श्वास आत घेतो तेव्हा छातीतला दाब बाहेरच्यापेक्षा कमी होतो, सिरिंजचा दांडा मागे ओढल्यावर होतो तसा, त्यामुळे प्रत्येक श्वासाला त्या भोकातून लाळ, हवा आणि जंतू बाहेर खेचले जातात. लाळ दिवसाला साधारण लिटरभर तयार होते आणि तोंडात किती प्रकारचे जंतू असतात ते वेगळं सांगायला नको. म्हणून पाणीसुद्धा बंद. वडिलांना लाळ गिळू नका, थुंकून टाका किंवा सक्शनने काढा असं सांगितलं असेल तर तेही याचसाठी, त्यात ढिलाई करू देऊ नका. घरचे लोक प्रेमापोटी ओठ ओले करता करता दोन चमचे पाणी पाजतात, हे मी बघितलंय. कृपा करून करू नका.

आता सगळ्या जखमा सारख्या नसतात. वस्तू काढल्यावर आम्ही दुर्बीण परत आत घालून जागा नीट बघतो, तेव्हा साधारण चार गोष्टी दिसतात. नुसतं खरचटलेलं असेल तर काळजी नाही, त्याच दिवशी पातळ आणि मग मऊ खायला देतो, ॲसिड कमी करायची गोळी थोडे दिवस, बस. आतली त्वचा फाटलेली असेल किंवा अल्सर झाला असेल तर एखाद दोन दिवस उपाशी ठेवून निरीक्षण, शंका वाटली तर सीटी. तिसरा प्रकार म्हणजे खोल जखम पण आरपार गेली की नाही ते नक्की कळत नाही, आणि चौथा म्हणजे सरळ भोक. तिसऱ्या प्रकारात आम्हीही ती जखम भोक आहे असंच धरून चालतो जोवर उलट सिद्ध होत नाही. बाहेर हवा दिसतेय म्हणजे तुमचे वडील चौथ्यात आहेत असं धरावं लागेल, मग ते भोक टाचणीएवढं का असेना.

मग दोन डॉक्टर दोन गोष्टी का सांगतायत? माझ्या मते दोघंही बरोबर आहेत, आणि अशा पेशंटला दोघांनी मिळून बघायलाच हवं. पूर्वी अन्ननलिकेला भोक म्हटलं की छाती उघडणं हाच मार्ग समजला जायचा. गेल्या काही दशकांत हे कळलं की निवडक पेशंटमध्ये ऑपरेशनशिवाय जखम भरते. पण 'निवडक' हा शब्द इथे फार जड आहे. गळती एका छोट्या जागेत कोंडलेली असावी, छातीच्या पोकळीत मोकळी पसरलेली नसावी. कॉन्ट्रास्ट, म्हणजे एक्सरेत दिसणारं औषध, पाजून चित्र काढलं तर बाहेर गेलेलं औषध परत अन्ननलिकेत येताना दिसावं, म्हणजे निचरा आतच होतोय. पेशंटला ताप, वाढलेली नाडी, उतरलेलं बीपी अशी अंगभर जंतुसंसर्गाची लक्षणं नसावीत. भोकाच्या खाली कुठे अडथळा नसावा, त्याच जागी कॅन्सर नसावा. आणि हॉस्पिटलमध्ये छातीचे सर्जन आणि सीटी रात्री तीन वाजताही मिळाले पाहिजेत, कारण थांबून बघण्याचा निर्णय कधीही बदलावा लागतो. हे सगळं जुळत असेल तर थांबणं योग्य, एखादी गोष्ट जरी बसत नसेल तरी सर्जनची बाजू जड होते. म्हणून सर्जन तयारी ठेवा म्हणतायत तर घाबरू नका, ते तुमच्या वडिलांच्या सुरक्षिततेसाठीच आहे.

आणि वेळेचं काय? तुमच्या केसमध्ये तुकडा जवळजवळ दोन दिवस आत होता, भोक नेमकं केव्हा पडलं ते कळायला मार्ग नाही, पण छातीत दुखायला लागलं तेव्हापासून मोजलं तर निदान बरंच लवकर झालेलं दिसतंय. हे फार चांगलं. अन्ननलिकेच्या भोकात २४ तासांच्या आत उपचार सुरू झाले आणि २४ तासांनंतर झाले, यात जिवाचा धोका साधारण दुप्पट होतो असं आतापर्यंतच्या आकडेवारीतून दिसतं. वय ७१ आहे, सोबत शुगर, हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर तोही हिशोबात येतो. तुम्ही ते लिहिलेलं नाही.

भोक कुठे आहे तेही विचारा. मानेतलं भोक त्यातल्या त्यात बरं, तिथे आजूबाजूला स्नायू आणि पडदे घट्ट असतात, बऱ्याचदा नुसतं निचऱ्यावर भागतं. तरी ते खाली छातीत उतरू शकतं, म्हणून तेही हलक्यात घ्यायचं नाही. छातीतलं भोक जास्त धोक्याचं. मधल्या भागातलं सहसा उजव्या बाजूच्या फुप्फुसाभोवतीच्या पोकळीत फुटतं आणि खालच्या भागातलं डाव्या बाजूला, म्हणून एक्सरेत कुठल्या बाजूला पाणी दिसतंय यावरही आम्ही लक्ष ठेवतो.

थांबून बघणं म्हणजे काही न करणं, असं नाही. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं की सलाईन लावून सोडून दिलंय, पण आत बरंच चालू असतं. बऱ्याच प्रकारच्या जंतूंना चालणारी अँटिबायोटिक शिरेतून, काही पेशंटमध्ये बुरशीविरुद्धचं औषधही, ॲसिड दाबणारं इंजेक्शन, दर काही तासांनी नाडी, ताप, श्वासाची गती, लघवीचं प्रमाण. माझी स्वतःची नजर सगळ्यात आधी नाडीवर जाते. ताप औषधाने दबतो, दुखणं पेनकिलरने दबतं, पण नाडी विनाकारण ११०-१२० च्या वर राहायला लागली तर मला झोप लागत नाही, सीटी परत करायला सांगतो. मान किंवा छातीच्या वरच्या भागावर बोट दाबल्यावर कातडीखाली चरचर जाणवते का तेही रोज बघतो, ती बाहेर आलेली हवा असते. तुम्ही नातेवाईक म्हणून एवढं करा की दुखणं वाढलं, धाप लागली, वडील गोंधळल्यासारखं बोलायला लागले, आवाज बदलला किंवा गळा सुजल्यासारखा वाटला तर राउंडची वाट न बघता लगेच सिस्टरना सांगा.

दुर्बिणीतूनही आता बरंच करता येतं. ताजी, छोटी, स्वच्छ काठाची जखम असेल तर क्लिप लावून बंद करता येते, एक सेंटीमीटरच्या आतली साध्या क्लिपने आणि त्याहून मोठी, साधारण दोन सेंटीमीटरपर्यंतची, दुर्बिणीच्या टोकावर बसवायच्या मोठ्या क्लिपने. काठ सुजलेले, मऊ पडलेले असतील तर क्लिप धरत नाही, मग आवरण असलेला धातूचा स्टेंट (जाळीची नळी) टाकतो जो आतून भोक झाकतो, काही आठवड्यांनी तो काढायचा असतो आणि त्याचा मोठा त्रास म्हणजे तो घसरतो, विशेषतः अन्ननलिका आधी अरुंद नसेल तर. बाहेर पू साठलेला असेल तर नुसतं झाकून उपयोग नाही, आधी निचरा पाहिजे. त्यासाठी अलीकडे व्हॅक्यूमची पद्धत चांगली बसलीय, भोकात किंवा भोकासमोर एक स्पंज ठेवायचा, नळीने सतत ओढ लावायची, दर तीन ते पाच दिवसांनी स्पंज बदलायचा, आतून जागा स्वच्छ होत भरत येते. पेशंटला वारंवार भूल द्यावी लागते हा त्यातला कंटाळवाणा भाग, पण मला ही पद्धत आवडते कारण प्रत्येक वेळी जखम डोळ्यांनी दिसते, अंदाजावर राहावं लागत नाही. यातलं तुमच्या हॉस्पिटलमध्ये काय आहे ते विचारा, आणि काहीच नसेल तर वडील स्थिर असतानाच मोठ्या सेंटरला हलवण्याबद्दल बोला. बिघडल्यावर हलवणं फार अवघड जातं.

ऑपरेशनमध्ये सर्जन मेलेला भाग काढून भोक थरांमध्ये शिवतात, वरून जवळच्या स्नायूचा तुकडा आणून आधार देतात, आणि आजूबाजूला नळ्या ठेवतात. उशीर झालेला असेल, काठ कुजलेले असतील तर शिवण टिकत नाही, मग निचरा करणं, लाळ मानेतून बाहेर वळवणं, अगदीच वाईट स्थितीत अन्ननलिका काढणं, असे मोठे पर्याय येतात. म्हणूनच सर्जन वेळेबद्दल एवढे आग्रही असतात, करायचंच असेल तर लवकर केलेलं साधं ऑपरेशन उशिरा केलेल्या मोठ्या ऑपरेशनपेक्षा कधीही बरं.

जेवणाबद्दल तुम्ही विचारलंय की किती दिवस उपाशी. पोषण बंद ठेवायचं नसतं, फक्त रस्ता बदलायचा असतो. एक्सरे किंवा दुर्बिणीखाली बघत बघत नाकातून एक बारीक नळी भोकाच्या आणि जठराच्याही पुढे, लहान आतड्यात नेऊन ठेवतात आणि त्यातून पातळ अन्न देतात, ते जमत नसेल तर शिरेतून. ही नळी कधीही वॉर्डात आंधळेपणाने घालू द्यायची नाही, नळीचं टोक त्याच जखमेत शिरू शकतं. नर्सिंग स्टाफ बदलतो, रात्री नळी निघून आली तर कुणी सवयीने परत घालायला जाऊ शकतं, म्हणून बेडवर पाटी लावायला सांगा. तोंडाने केव्हा सुरू करायचं हे साधारण पाच ते सात दिवसांनी कॉन्ट्रास्ट पाजून गळती आहे का ते बघून ठरतं, गळती नाही दिसली तर आधी पाणी, मग पातळ, मग मऊ. दिसली तर परत काही दिवस थांबायचं, त्यात निराश होण्यासारखं काही नाही. ही तपासणी आधी पाण्यात विरघळणाऱ्या कॉन्ट्रास्टने करतात, बेरियमने नाही, कारण बेरियम छातीत सांडलं तर तिथे दाह करतं. पण वडिलांना ठसका लागत असेल तर आधीच सांगा, तो विरघळणारा कॉन्ट्रास्ट श्वासनलिकेत गेला तर फुप्फुसाला वाईट.

पहिल्या दिवशीच्या एक्सरेबद्दल तुमचा राग समजतो. कवळीचं गुलाबी प्लास्टिक एक्सरेत जवळजवळ दिसतच नाही, दिसली तर फक्त तार, आणि ती मणक्याच्या सावलीवर पडली तर तीही हरवते. माशाचे काटे, लाकूड, काच, प्लास्टिक, गोळीच्या पाकिटाचा कापलेला तुकडा, या सगळ्यांचं कमीजास्त तसंच. म्हणून एक्सरे नॉर्मल आहे म्हणजे वस्तू नाही, असा अर्थ कधीच काढायचा नाही. वस्तू गिळल्याची खात्रीची हकीगत आहे आणि गिळताना त्रास होतोय एवढं सीटी किंवा दुर्बिणीसाठी पुरेसं आहे. वयस्कर माणसांत हे जास्त होतं कारण कवळीमुळे टाळू झाकलेला असतो, तोंडात काय आहे ते नीट कळत नाही, आणि झालं तरी 'कुठेतरी टोचतंय' एवढंच सांगतात. जागाही ते नीट दाखवू शकत नाहीत. गळ्याच्या वरच्या भागात अडकलेलं माणूस बोटाने बरोबर दाखवतो, पण छातीत खाली अडकलेलंसुद्धा बऱ्याचदा गळ्याच्या खळगीतच अडकल्यासारखं वाटतं.

टोकदार वस्तू अन्ननलिकेत असेल, किंवा लाळही उतरत नसेल इतकं बंद झालं असेल, तर युरोपियन एंडोस्कोपी सोसायटीच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे शक्यतो दोन तासांत आणि उशिरात उशिरा सहा तासांत दुर्बीण व्हायला हवी. बाकी बोथट वस्तू, अर्धवट अडथळा, याला २४ तासांपर्यंत चालतं. सगळ्या गिळलेल्या वस्तू धरल्या तर ८० ते ९० टक्के आपोआप बाहेर पडतात हे खरं आहे, पण तो आकडा जठरात उतरलेल्या वस्तूंमुळे मोठा दिसतो, अन्ननलिकेत अडकून बसलेल्या हुकाला तो लावून घरी थांबायचं नाही. घरी करायच्या उपायांबद्दल तर मी फार कडक आहे. कोरडा मोठा घास गिळून वस्तू खाली ढकलणं, घशात बोट घालून उलटी काढणं, फसफसणारी पेयं पिणं, यातलं काहीही टोकदार वस्तूसाठी करू नये. ओरखडा होता तिथे भोक पाडण्याचे हे खात्रीचे मार्ग आहेत.

काढतानाच भोक पडलं असेल का, असं तुम्ही दबक्या आवाजात विचारलंय. शक्य आहे, पण दोन दिवस हुक रुतलेला असेल आणि छातीत आधीच दुखत असेल तर आधीच पडलेलं असण्याची शक्यता मला जास्त वाटते, आणि काढायच्या आधीच्या सीटीत हवा होती का यावरून ते कळेल. टोकदार वस्तू काढायचं तत्त्व जुनं आहे. अमेरिकेत चेव्हेलियर जॅक्सन नावाचे डॉक्टर होऊन गेले (१८६५ ते १९५८), त्यांनी माणसांच्या अन्ननलिकेतून आणि श्वासनलिकेतून काढलेल्या २,३७४ वस्तू फिलाडेल्फियाच्या म्युटर म्युझियममध्ये ठेवल्या आहेत, त्यात उघड्या सेफ्टी पिनासुद्धा आहेत. त्यांची शिकवण अशी की पुढे असलेलं टोक घुसतं आणि मागून ओढलं जाणारं टोक घुसत नाही. म्हणून आम्ही आजही टोक वर तोंडाकडे असेल तर वस्तू आधी हलकेच जठरात नेऊन उलट फिरवतो, मग दुर्बिणीवर रबरी टोपी किंवा बाहेरून जाड नळी चढवून टोक झाकून बाहेर आणतो. दोन दिवस रुतलेली कवळी असेल तर हेही दरवेळी जमत नाही, हुक दोन्हीकडे असतात, कधी आतच कापून तुकडे करून काढावी लागते. दुर्बिणीतून आत फुगवायला हवेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरणं आणि पेशंटला पूर्ण भूल देऊन श्वासनलिकेत नळी टाकून सुरक्षित करणं, हे दोन्ही अशा केसमध्ये मी आग्रहाने करतो.

वडिलांचं इथपर्यंतचं एका दमात सांगायचं तर: भोक किती, कुठे, कोंडलेलं की पसरलेलं, नाडी-ताप काय म्हणतात, निचरा होतोय का, आणि सर्जन चोवीस तास उपलब्ध आहे का, एवढे प्रश्न विचारा. उत्तरं चांगली आली तर थांबणं ठीक.

घरी गेल्यावरही दोन गोष्टी राहतात. जखम जेवढी गोलाकार, नळीच्या पूर्ण घेराला लागलेली, तेवढी भरताना आकसून अन्ननलिका अरुंद व्हायची शक्यता जास्त. हे साधारण तीन ते आठ आठवड्यांत जाणवायला लागतं, आधी घट्ट घास अडकतात, मग मऊही. फुग्याने किंवा डायलेटरने रुंद करता येतं, दोन-तीनदा करावं लागू शकतं. दुसरी गोष्ट म्हणजे वस्तू मुळात तिथेच का अडकली ते बघणं. कवळी तिच्या आकारामुळे अडकते हे मान्य, पण साधा अन्नाचा घास अडकून आलेल्या माणसात खाली अरुंद जागा, ॲलर्जीचा दाह किंवा कधी कधी गाठही सापडते, म्हणून जखम भरल्यावर एकदा शांतपणे दुर्बीण करून बायोप्सी घेणं मी सुचवीन.

आता मुलीबद्दल. दोन वर्षांच्या मुलाने नाणं गिळलं आणि ते त्रास न देता अन्ननलिकेत असेल तर काही तास थांबून परत एक्सरे काढायला वाव असतो, त्यातली बरीच आपोआप खाली उतरतात. बटन सेलला, म्हणजे नाण्यासारख्या चपट्या गोल बॅटरीला, एक मिनिटही थांबायला वाव नाही. एक्सरेत दोन्ही गोल दिसतात, सेलला मात्र कडेने दुहेरी वर्तुळ दिसतं आणि बाजूने बघितलं तर पायरी दिसते, त्यामुळे 'नाणं असेल' म्हणून सोडण्याआधी कुणीतरी फिल्म मोठी करून बघितलीच पाहिजे. सगळ्यात वाईट २० मिलिमीटरचा, तीन व्होल्टचा लिथियम सेल, रिमोट, खेळणी, वजनकाटे यात असतो तो, सीआर २०३२ वगैरे. तो फुटून आतलं रसायन बाहेर येतं असं लोकांना वाटतं, पण मुख्य इजा त्याने होत नाही. ओल्या अन्ननलिकेत अडकला की दोन्ही बाजूंमधून करंट वाहतो आणि ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते, ती आतून भाजत जाते. दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते. उपकरण चालवायला 'संपलेला' सेलसुद्धा यासाठी पुरेसा जिवंत असतो.

मूल एकदम लाळ गाळायला लागलं, खायला नको म्हणतंय, खोकतंय, आणि घरात एखाद्या वस्तूचं सेलचं झाकण उघडं सापडलं, तर थेट दुर्बीण आणि लहान मुलांची भूल उपलब्ध असेल अशा हॉस्पिटलला जा. मूल एक वर्षाच्या वर असेल, गिळू शकत असेल आणि गिळून बारा तासांच्या आत असेल तर जाताना मध द्या, दर दहा मिनिटांनी १० मिली, जास्तीत जास्त सहा वेळा. मध ती अल्कली काही प्रमाणात मंदावतो, सेल काढायला पर्याय नाही, त्यासाठी दुकान शोधत बसू नका. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध द्यायचाच नाही. उलटी काढायची नाही, बाकी काही खायला प्यायला द्यायचं नाही.

आणि तुमच्या वडिलांसारखंच इथेही, सेल निघाला म्हणून जखम थांबत नाही, उलट पुढचे काही दिवस ती खोल जात राहते. श्वासनलिकेपर्यंत भोक पडून पाणी पिताना ठसका लागणं, स्वरतंतूची नस दुखावून आवाज बसणं, आणि सगळ्यात भयंकर म्हणजे महाधमनीपर्यंत जखम पोचणं. हे शेवटचं सेल काढल्यानंतर आठवड्यांनीही होऊ शकतं, आणि बऱ्याचदा आधी थोडंसं रक्त उलटीतून किंवा काळ्या शीतून येऊन थांबतं. ते थांबलं म्हणून कुणी घरी बसू नये. अशा मुलाला रक्ताचा एक ठिपका जरी दिसला तरी छातीचे सर्जन असलेल्या हॉस्पिटलमध्ये त्याच क्षणी न्यायचं, आणि वाटेतच फोन करून 'बटन सेल काढलेलं मूल आहे, रक्त आलंय' एवढं सांगून ठेवायचं.

चुंबकाचे छोटे गोळे घरात असतील तर तेही काढून टाका. ते अन्ननलिकेपेक्षा आतड्यात जास्त घात करतात, दोन गोळे दोन वेगवेगळ्या वेटोळ्यांतून एकमेकांना ओढून मधली भिंत कुजवतात.

वडिलांचा कॉन्ट्रास्ट स्टडी झाला की रिपोर्टमधलं शेवटचं वाक्य जसंच्या तसं इथे लिहा, आणि काढण्याआधीच्या सीटीत हवेबद्दल काय लिहिलंय तेही. नाव, हॉस्पिटल काही टाकू नका. सोबत नाडीचा आकडा असेल तर उत्तम.